दगडूचा रिलीव्हर

दगडूबद्दल काही सांगायला बसलं की शौकतभाई मध्ये येतोच, त्याला इलाज नाही. वीसएक वर्षं दोघे दुबईतल्या अल कुसैसच्या एकाच खोलीत राहिले, एकाच चिलर प्लांटवर राबले, एकाच पातेल्यातलं जेवले. तरीही या दोघांना अर्ध्या तासाहून जास्त एकत्र बसलेलं पाहिलेला माणूस शोधायला निघालात तर दमून परत याल. एक प्लांटवर असला की दुसरा खोलीत, आणि एक गावी असला की दुसरा दुबईत.

कामच तसं होतं. इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडे इमारतींची एक मोठी वसाहत आहे आणि तिच्या कोपऱ्यात हा प्लांट. तिथली अवाढव्य यंत्रं पाणी गार करतात, पंप ते इमारतींकडे ढकलतात, तेव्हा कुठे घराघरातले एसी थंड वारा सोडतात. ऑगस्टमध्ये प्लांट बंद पडला तर सगळी वसाहत बनियनवर रस्त्यावर येईल. म्हणून तिथे दिवसा एक ऑपरेटर, रात्री एक, आणि महिना बदलला की पाळ्या उलट. नियम एकच, पण पक्का. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, दारातून आत आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मग पोटात कावळे ओरडोत नाहीतर अंगात ताप भरो. दगडूचा रिलीव्हर शौकतभाई आणि शौकतभाईचा दगडू.

पाळी बदलताना जो काही अर्धा तास मिळे, तेवढाच दोघांचा सहवास. येणारा थर्मासमधून करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा, चहा आणायचा, जाणारा दोन कागदी कप धुऊन ठेवायचा. कागदी कप धुणारी माणसं कोकणातच जन्माला येतात. चहाबरोबर आधी यंत्रांच्या तब्येती सांगायच्या, मग घरच्यांच्या, आणि मग भांडायचं. भांडणाला विषय लागत नसे. दगडूने कालवणात मीठ जास्त टाकलं, शौकतभाईने ओला टॉवेल दगडूच्या खाटेवर फेकला, एवढं पुरे. तेवढ्यात कंपनीची व्हॅन हॉर्न मारायची आणि भांडण अर्धवट राहायचं. दुसऱ्या दिवशी ते जिथे राहिलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं, एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

दगडू संगमेश्वर तालुक्यातला. बुटका, काटक, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याचा. दुबईला आला तो एका बांधकामावर हेल्पर म्हणून. तिथलं काम संपल्यावर त्याला प्लांटवर धाडलं, आणि तिथे जयगडच्या खाडीकाठचा शौकत भेटला. उंच, हडकुळा, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी गुन्हा केलाय. पहिल्या आठवड्यात दगडू यंत्रांच्या आवाजाला घाबरून पाइपांमागे बसून रडला होता. शौकतभाईने पाहिलं, पण धीरबीर काही दिला नाही. नुसतं म्हणाला, "रडून झालं की इकडे ये. हा व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते दाखवतो." दगडू डोळे पुसून गेला. त्यानंतर तो रडला ते एकदम मुलीच्या लग्नात.

त्या लग्नाचीही गंमतच आहे. व्हिसा दोन वर्षांचा आणि दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, अशी तिथली रीत. पण प्लांट नीट जाणणारे दोघेच, त्यांना एकदम कोण सोडणार? शौकतभाई हिवाळ्यात जायचा, तो परत आला की उन्हाळ्यात दगडू. दर्शनाचं लग्न ठरलं नेमकं डिसेंबरात, शौकतभाई गावी असताना. दगडूने फोनवर मुलीला सांगितलं, "बाय, मला नाय जमणार." आणि फोन ठेवून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. चौथ्या दिवशी दारात शौकतभाई उभा, खांद्यावर बॅग. दर्शनाकडून कळताच सुट्टी अर्धी टाकून आला होता. "ऊठ," म्हणाला, "रिलीव्हर आलाय." दगडूने कन्यादान केलं, मांडवभर रडला, आणि ज्याच्यामुळे तो मांडवात उभा होता तो मांडवात नव्हता.

एकमेकांच्या घरी मात्र दोघांचं जाणं-येणं पक्कं. दगडू सुट्टीवर गेला की दोन दिवसांत जयगडला जाऊन शौकतभाईची पार्सलं पोचती करायचा. खजूर, दुधाची पावडर, ब्लँकेटं. हव्वाबी भाभी त्याला तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण वाढायच्या आणि विचारायच्या, "चिडतो का रे अजून तितकाच?" शौकतभाई सुट्टीवर आला की संगमेश्वरला कावेरीवहिनींकडे घावणं खायचा आणि निघताना दगडूसाठी कोकमं बांधून घ्यायचा. म्हणजे दगडूला शौकतभाईच्या अंगणातला माड न् माड ठाऊक, शौकतभाईला दगडूच्या पडवीतली कुठली पायरी हलते ते ठाऊक. पण त्या अंगणात बसून शौकतभाईशी चार गप्पा माराव्यात, हे दगडूच्या नशिबात कधी आलं नाही.

आता यंदाच्या जूनकडे वळू.

एक जूनला हेड ऑफिसात केक कापतात. कंपनीचा कॉम्प्युटर ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावाने केक मागवतो. बाकी वर्षभर केकवर एखाददुसरं नाव असतं, एक जूनला मात्र नावं मावत नाहीत, आणि सगळे महाराष्ट्रातले. कारण उघड आहे. गावाकडच्या गुरुजींनी शाळेत आलेल्या पोराला बघायचं, सहा वर्षांचं असावं असं धरायचं आणि जन्मतारीख एक जून टाकून मोकळं व्हायचं. दगडू बहिणीच्या पदराला धरून शाळेत गेला तेव्हा चार वर्षांचा होता, घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. गुरुजींनी त्याला सहाचा केला. शौकत नऊ वर्षांचा होईपर्यंत जेटीवर उंडारत होता. त्याच्या गुरुजींनी त्याला पकडून पहिलीत बसवला आणि सहाचाच केला. तर असे हे दोघे. खरा थोरला शौकतभाई, पण पासपोर्टात थोरला दगडू.

यंदा दगडू पासपोर्टात साठ वर्षांचा झाला. त्या दिवशी प्लांटवर बदली माणूस बसवून त्यालाही केकला बोलावलं होतं. केकचा तुकडा खाऊन हात पुसतोय तोच एचआरमधल्या प्रज्ञाने त्याला बाजूला बोलावलं. प्रज्ञा नाशिकची, तिशीतली, ऑफिसातली एकमेव मराठी बाई. कामगारांना काका म्हणायची आणि खरंच काका मानायची.

"काका, तुमचा व्हिसा जुलैत संपतोय ना? रिन्युअल होणार नाही. साठ झाले की सिस्टिम ब्लॉक करते. कंपनीची नवीन पॉलिसी आहे."

"पण मी साठचा नाय," दगडू म्हणाला. "अठ्ठावनचा आहे."

"पासपोर्टवर साठ आहे."

"ते गुरुजींनी लिवलंय."

प्रज्ञाने पासपोर्टाची झेरॉक्स फाइलीत परत घातली. अशा गुरुजींचा ऑफिसात तिला रोज उपद्रव होता.

दगडूने ही बातमी त्या संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितली. शौकतभाईने कप खाली ठेवला आणि यंत्रांची तब्येत न विचारताच म्हणाला, "उद्या तुझा ऑफ आहे. सकाळी ऑफिसात जाऊ. मी येतो."

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी उरकून, डोळे तांबारलेले, शौकतभाई प्रज्ञाच्या टेबलासमोर उभा राहिला. दगडू त्याच्या मागे.

"मॅडम, कोणाला काढायचं असेल तर मला काढा. मी एकसष्टचा आहे. हा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मला भाई म्हणतो हा, विचारा त्याला. लहान भावाला आधी घरी पाठवतात का कुठे?"

"शौकतभाई, गप," दगडू मागून शर्ट ओढत म्हणाला.

"तू गप. मॅडम, लिहून घ्या. खलास."

प्रज्ञाने कपाळाला हात लावला. हसावं की रडावं तिला कळेना. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "शौकतकाका, हे मी वर सांगितलं ना, तर तुमचा व्हिसाही अडकेल. आणि दगडूकाकांचा काही मिळणार नाही. पासपोर्ट बोलतो तेच खरं. तुम्ही दोघे खरं बोललात तर दोघे जाल. प्लीज, आत्ता बोललात ते मी ऐकलंच नाही."

दगडूने शौकतभाईला दंडाला धरून बाहेर काढलं. बसस्टॉपवर दोघे उभे राहिले. राग कुठे काढावा ते शौकतभाईला कळत नव्हतं. शेवटी तो दगडूवर खेकसला, "चार वर्षांचं पोर शाळेत कशाला घालायचं रे? घरात ठेवता येत नव्हतं तुमच्या लोकांना?" दगडू बस येतेय का ते बघत राहिला. आयुष्यात प्रथमच त्याने भांडणात माघार घेतली.

जुलैच्या अखेरीस व्हिसा कॅन्सल झाला. कॅन्सल झाला म्हणजे लगेच विमानात बसायचं असं नाही. ग्रेस पिरियड मिळतो. तेवढ्या मुदतीत दुसरी नोकरी शोधा, नवा व्हिसा मिळवा, नाहीतर घरी जा. मात्र त्या काळात काम करायचं नाही. दगडूच्या जागी दुसऱ्या प्लांटवरचा सोमनाथ दिवसपाळीला आला. चांगला चाळिशीचा, समजूतदार माणूस. दगडू जाईपर्यंत आपल्या जुन्या खोलीतच राहतो म्हणाला. दगडूची खाट दगडूकडेच राहिली.

दगडूला घरी जायचं नव्हतं. हे तो कोणापाशी बोलला नाही, पण मनातून तेच त्याला डाचत होतं. घरी तो दोन वर्षांनी दोन महिने जायचा तो पाव्हणा म्हणून. पहिले आठ दिवस गोडधोड, मग शेजारपाजार, मग निघायची तयारी. तिसऱ्या महिन्यात त्या घरात काय करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. कावेरीने पाणी भरलं, कलमं लावली, दर्शनाला शिकवलं, तिची बाळंतपणं केली. सगळं त्याच्यावाचून झालं आणि चांगलं झालं. आता साठीचा म्हणून कंपनीने परत केलेला माणूस तिच्या पडवीत दिवसभर बसून काय करणार? इथे निदान एक जागा अशी होती की तिथे तो पोचल्याशिवाय दुसऱ्याची सुटका होत नसे.

म्हणून त्याने नोकरी शोधायला सुरुवात केली. ओळखीच्यांना फोन केले, दोन-तीन ऑफिसांत जाऊन बसला. जो तो कामाबद्दल विचारून मान डोलवायचा, पासपोर्ट उघडायचा आणि "इन्शाल्ला, कळवतो" म्हणायचा. तिथल्या इन्शाल्लाचे अर्थ त्याला एव्हाना चांगले कळत होते.

कावेरीचा रोज फोन. ती कधी "या" म्हणाली नाही आणि "राहा" असंही म्हणाली नाही. ती म्हणायची, "विहिरीवरचा पंप आचके देतोय. माणूस बोलावला होता, तो दोनशे रुपये घेऊन नुसतं बघून गेला." दगडू फोनवरूनच त्या माणसाला शिव्या घालायचा आणि फोन ठेवायचा.

तिकडे शौकतभाईने आपल्या मुलाला कामाला लावलं. अर्श शारजात बायको आणि मुलीबरोबर राहतो, एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघतो. त्याने अबुधाबीच्या खलिफा सिटीत एका व्हिला कंपाउंडची जागा शोधून काढली. सगळ्या व्हिलांचे एसी आणि पंप सांभाळायला एक जाणता माणूस हवा होता. एका रविवारी त्याने दगडूला गाडीत घातलं. मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची दुआ, हातात ज्यूसचा डबा.

"अंकल, टेन्शन नका घेऊ," अर्श म्हणाला. "छोटी कंपनी आहे, एज वगैरे बघत नाहीत. पप्पांनी माझं डोकं खाल्लंय, रोज दहा फोन. दगडूचं झालं का, दगडूचं झालं का."

"आर यू गोइंग टू लिव्ह इन अबुधाबी?" दुआने मागून विचारलं.

"बघू गं बाय."

"देन हू विल फाइट विथ दादाजी?"

अर्श हसला. दगडूही हसला, पण उरलेला रस्ता तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

खलिफा सिटीचं कंपाउंड छान होतं. बोगनवेली, स्वच्छ रस्ते, राहायला एकट्याची वेगळी खोली. मल्याळी सुपरवायझरने त्याला पंपहाउस दाखवलं, दोन प्रश्न विचारले, पासपोर्ट उघडून पाहिला आणि बंद केला. "चाचा, उमर का टेन्शन नहीं. काम आता है ना? बस. दो साल का वीजा देंगे. बॉस से बोलके मैं दो-तीन दिन में फोन करता है." दगडूने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. परत येताना वाटेत त्याने अर्शला आणि दुआला चहा-समोसे खिलवले. एका समोशाला दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये, असं मनातल्या मनात न म्हणता मोठ्याने म्हणाला, तेव्हा अर्शला कळलं की अंकलचा जीव थाऱ्यावर आला.

शौकतभाईला त्याने फोनवर सांगितलं. "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच शौकतभाई म्हणाला. मग विचारलं, "राहायची सोय काय?"

"वेगळी खोली. एकट्याची."

"हां. मग बरं. टॉवेल कुठे टाकायचा तिथे टाक." आणि फोन कट.

आता त्या खोलीची एक रीत सांगायला हवी. रात्रपाळी करून आलेल्याची झोप म्हणजे अमानत, जपायची ठेव. तो झोपला की दुसऱ्याने खोलीत थांबायचं नाही. ऑफ असला तरी बाहेर पडायचं, ड्रॅगन मार्टच्या मॉलमध्ये फिरायचं, कोणाच्या तरी खोलीवर पत्ते खेळायचे, पण झोपणाऱ्याला खोली एकट्याला द्यायची. कधी काही विसरलं म्हणून दार किलकिलं केलं तर पांघरुणाचं गाठोडं दिसायचं, तेवढंच. शौकतभाईची त्या महिन्यात रात्रपाळी होती. दगडूला ड्यूटी नाही, तरी तो सकाळी उठून बाहेर पडायचा आणि दिवसभर उन्हात भटकायचा. सुपरमार्केटमध्ये फुकटचा गारवा खायचा, मग सिक्युरिटीवाला बघायला लागला की बसस्टॉपच्या एसीवाल्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचा.

एका सकाळी शौकतभाई व्हॅनमधून उतरला तर दगडू रस्त्यावर, चपला घालून, छत्री उघडत असलेला.

"कुठे?"

"असाच. तू झोप."

"रोज असाच जातोस? या उन्हात?"

"मग काय करू? तू झोपणार ना."

शौकतभाईने त्याच्या हातातली छत्री काढून घेतली. "माझ्या झोपेपायी तू रस्त्यात पडून मरशील आणि हव्वाबी मला घरात घेणार नाही. वर चल. बस तुझ्या खाटेवर. श्वास घेतलास तरी चालेल."

म्हणून त्या दिवशी दगडू खोलीत राहिला. शौकतभाईने आंघोळ केली, नमाज पढला, टोपी खुंटीला लावली आणि आडवा झाला. टोपीखाली एवढं टक्कल असेल असं दगडूला वाटलं नव्हतं. दगडू मोबाइल बंद आवाजावर ठेवून आपल्या खाटेवर मांडी घालून बसला. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती. एसी घरघरत होता. ज्याच्याबरोबर वीस वर्षं काढली तो झोपतो कसा, हे दगडू पहिल्यांदा बघत होता.

तो एका कुशीवर झोपला होता, हात गालाखाली घेऊन. तोंड थोडं उघडं. जागेपणीचा सगळा ताठा उतरलेला. म्हातारा झालाय, दगडूला वाटलं. खरंच एकसष्टचा दिसतो.

दुपारकडे शौकतभाई झोपेतच बोलायला लागला. आधी पुटपुटणं, मग शब्द.

"दगडू... दोन नंबरचा पंप तापतोय रे. बघ जरा."

दगडू दचकला. शौकतभाईचे डोळे मिटलेले होते. काय करावं ते सुचेना, म्हणून तो हळूच म्हणाला, "बघतो."

"आणि डबा आणलाय. फ्रीजच्या वर."

"बरं."

मग शौकतभाईने कूस बदलली आणि अगदी मऊ आवाजात, जागेपणी त्याने कोणाशी कधी काढला नसेल अशा आवाजात म्हणाला, "आलास ना? बरं झालं. बस. एवढ्यात जाऊ नको."

दगडू खाटेवरून उठला आणि शौकतभाईच्या खाटेजवळ जमिनीवर येऊन बसला. "बसलोय," तो म्हणाला. "जात नाय."

शौकतभाई शांत झाला आणि घोरू लागला. दगडूचे डोळे भरून आले. किती वर्षं हा असा बोलत असेल? खोलीत दुसरं कोणी नसताना, भर दुपारी, झोपेत पाळीचा हँडओव्हर देत आणि बस म्हणत. आणि आपण त्याची झोप मोडू नये म्हणून ड्रॅगन मार्टमध्ये प्लास्टिकच्या बादल्या बघत फिरत होतो. एकाच खोलीत राहून आपण याला रोज अर्धा तास भेटलो. आता खलिफा सिटीला गेलो की तोही संपला. आठवड्यातून एक फोन, आणि डिसेंबरात हा घरी जाईल तेव्हा आपण तिथे पंपहाउसमध्ये, नव्या व्हिशावर, वेगळ्या खोलीत. आपली सुट्टी लागेल तेव्हा हा पुन्हा इथे.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. खलिफा सिटीचा नंबर. दगडू झटकन उठून गॅलरीत गेला आणि दार मागे ओढून घेतलं. बाहेर हवा तव्यासारखी तापलेली होती.

"चाचा, मुबारक! बॉस ने हाँ बोला. कल पासपोर्ट लेके आ जाओ. यल्ला!"

दगडूने कठडा धरला. तो भाजत होता, तरी धरून ठेवला. हा फोन यावा म्हणून त्याने आठवडाभर देव पाण्यात ठेवले होते. घरची भीती तशीच होती, कणभरही कमी झाली नव्हती. तरी तो म्हणाला, "भाईसाब, आपका बहोत शुक्रिया. मगर मैं घर जा रहा है."

"क्या हुआ चाचा? सॅलरी का प्रॉब्लेम है?"

"नहीं नहीं. घर पे आदमी आनेवाला है."

खोलीत परतला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. तो पुन्हा खाली बसला. शौकतभाई काही बोलतोय का याची वाट बघत राहिला, पण तो नुसता घोरत होता. संध्याकाळ झाल्यावर, मोबाइलचा गजर वाजायच्या आधी तो बंद करून, दगडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शौकतभाई. ऊठ. ड्यूटी."

शौकतभाईने डोळे उघडले. खाली बसलेल्या दगडूला पाहून गोंधळला. "तू इथे काय करतोस?"

"बसलोय. तू झोपेत बोलतोस."

"काय बोलतो?"

"शिव्या देतोस," दगडू म्हणाला. खरं सांगितलं असतं तर शौकतभाई पुन्हा कधी झोपला नसता.

शौकतभाई उठला, तोंड धुऊन आला, टोपी घातली. पाठ फिरवूनच विचारलं, "अबुधाबीवरून फोन?"

"आला. हो म्हणाले."

"चांगलं झालं," शौकतभाई म्हणाला. शर्टाचं बटण त्याला लागेना. "चांगलं झालं रे. कधी जायचं?"

"मी नाय म्हटलं."

शौकतभाई वळला.

"डोकं फिरलं तुझं? अर्शने किती लोकांच्या हातापाया पडून..."

"अर्शची माफी मी मागेन. शौकतभाई, ऐक. डिसेंबरात तू घरी येशील तेव्हा मला घरी असायचंय. मला तुझ्यासंगत तुझ्या अंगणात बसायचंय. एकदा तरी. मला हेच पायजे, दुसरं काय नको."

शौकतभाई खाटेच्या कडेवर बसला. राहिलेलं बटण त्याने आधी लावलं. मग तो नेहमीच्या आवाजात, समोरच्याने गुन्हा केल्यासारखा, गरजला, "माझ्या अंगणात कशाला? मी आधी वहिनींकडे येणार. घावणं खायला."

"आधी जयगडला. भाभी काय म्हणतील?"

"ती काही म्हणत नाही. मी उतरलो की सरळ संगमेश्वर."

"अरे पण बायको वाट बघत असताना माणूस आधी दुसऱ्याच्या घरी जातो का? लाज?"

"मला लाज शिकवतोस? आणि तो विहिरीवरचा पंप कोण बघणार? तुला जमणार आहे एकट्याला?"

"मीच बघणार! माझी विहीर आहे!"

खाली व्हॅनने हॉर्न मारला. शौकतभाईने चपला पायात सरकवल्या, डबा उचलला आणि दारातून मागे वळून, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आधी संगमेश्वर म्हणजे आधी संगमेश्वर. दगडू त्याच्या मागोमाग जिना उतरत गेला, आणि व्हॅन वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावरून हातवारे करत जयगड, जयगड म्हणून ओरडत राहिला.